बारावी ओळ

त्या काळी गळ्यातील गाठीला तिचे भविष्य विचारता येत असे, आणि गाठ ते सांगतही असे. केसाएवढ्या सुईने तिच्यातील थोड्या पेशी काढावयाच्या, त्या यंत्राच्या स्वाधीन करावयाच्या, आणि रुग्णाने बाहेरच्या बाकावर बसून वाट पाहावयाची. तास-दीड तास जातो न जातो तोच त्या गाठीचा 'गतिलेख' हाती येई. पेशीच्या अंतरंगात जनुकांचा जो मजकूर लिहिलेला असतो, त्यात कोठे कोणती चूक शिरली आहे हे वाचून ती गाठ पुढे कोणत्या गतीने जाणार, जागच्या जागी राहणार की पसरणार, हे सांगणारा लेख म्हणजे गतिलेख.

त्याच्या आधीचे दिवस ज्यांना आठवत होते, ते गतिलेखाविषयी कृतज्ञतेने बोलत. पूर्वी अवटुग्रंथीतील, म्हणजे सर्वजण जिला थायरॉइड म्हणतात त्या ग्रंथीतील, गाठीच्या पेशी डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आणि पुष्कळदा 'निश्चित सांगता येत नाही' एवढेच लिहीत. त्या अनिश्चिततेपोटी हजारो निरुपद्रवी ग्रंथी कापल्या गेल्या आणि माणसे जन्मभर गोळ्यांवर राहिली. गतिलेखाने हा गोंधळ संपवला. स्थिर, मंद आणि तीव्र असे तीनच वर्ग त्याने केले. स्थिर गाठीला कोणी हात लावीत नसे, मंद गाठ वर्षातून एकदा पाहिली जाई, आणि तीव्र ठरलेल्या गाठीवर नव्वद दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झालीच पाहिजे असा नियम होता.

सांगलीच्या वैजयंतीबाई पाळंदे यांच्या गतिलेखावर 'तीव्र' असे लिहून आले. खाली आकडा होता: पाच वर्षांत प्रसाराची शक्यता एक्क्याण्णव टक्के.

बाई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. सामगानाची एक क्षीण होत चाललेली परंपरा त्यांच्या कंठात होती. त्यांच्या गुरूंनी पुरुष शिष्य मिळेना म्हणून नव्हे, तर ही मुलगी स्वर चुकवीत नाही म्हणून त्यांना चौदा वर्षे शिकवले होते. आता बाईंकडे तिघी शिकत होत्या आणि निम्मे अध्ययन व्हावयाचे होते. ध्वनिमुद्रण करून ठेवा, असे लोक सुचवीत. ते केव्हाच झाले होते. परंतु ध्वनिमुद्रण शिष्येची चूक ऐकत नाही. अंगठा बोटांच्या पेरांवर, म्हणजे स्वरांच्या ठरलेल्या जागांवर, फिरवीत साम म्हणताना शिष्येचा अंगठा योग्य पेरावर आणि स्वर मात्र भलतीकडे गेला, तर त्याच क्षणी तो स्वर आपल्या गळ्यातून काढून दाखवावा लागतो, आणि हे यंत्राला साधत नव्हते. बाईंच्या हिशेबाने आणखी चार वर्षे हवी होती.

तीव्र गाठीच्या शस्त्रक्रियेत संपूर्ण ग्रंथी आणि तिच्याभोवतीच्या लसिकाग्रंथी काढून टाकत. यंत्राचा हात कापरा नव्हता, त्यामुळे बोलणे जाण्याची भीती जवळजवळ नव्हती. परंतु स्वरतंतू ताणून उंच स्वर लावणारी जी बारीक नस ग्रंथीला लगटून जाते, ती या विस्तृत शस्त्रक्रियेत सहांपैकी एकाची दुखावे. "बोलता येईल हो आजी, अगदी छान बोलता येईल," असे एका तरुण डॉक्टरने त्यांना धीर देण्यासाठी सांगितले होते. गाता येईल का, असे आपण विचारले आणि याने काय उत्तर दिले, याच विचारात बाई त्या दिवशी घरी आल्या.

मिरजेच्या ज्या अन्वेषण केंद्रात हा गतिलेख काढला होता, तेथे त्या तीनदा गेल्या. ती गाठ नऊ मिलिमीटरची होती, तूरडाळीच्या दोन दाण्यांएवढी. दुखत नव्हती, गिळताना अडत नव्हती. ती एक्क्याण्णव टक्के कशावरून पसरणार, हे त्यांना समजून घ्यावयाचे होते. प्रत्येक वेळी वेगळा डॉक्टर, आणि प्रत्येक वेळी तोच आकडा. 'कशावरून' याचे उत्तर 'गतिलेखावरून' असे येई, आणि गतिलेख कशावरून, असे विचारले की समोरचा माणूस घड्याळाकडे पाही. घरी त्यांचे यजमान श्रीपादराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, आकड्यांपुढे नम्र होणारे गृहस्थ होते. धरणाची भिंत एक्क्याण्णव टक्के फुटणार असे कळले असते तर मी गावे रिकामी केली असती, असे ते म्हणाले. तुमचे गाव माझ्या गळ्यात नाही, असे बाईंनी उत्तर दिले, आणि मग दोघांनाही वाईट वाटले.

चौथ्या खेपेला बाईंनी सांगितले की, ज्याला हा आकडा कोठून आला हे ठाऊक आहे त्याच्याशीच मी बोलेन, आणि तोवर मी या खुर्चीवरून उठणार नाही. दीड तासाने त्यांना डॉ. नाझनीन सतारमेकर यांच्याकडे नेण्यात आले.

डॉ. नाझनीन मिरजेच्याच. चार पिढ्या सतारी घडवणाऱ्या घरातील. चाळिशीच्या, केस आखूड, बोलणे थेट. त्यांनी बाईंचा गतिलेख पडद्यावर उघडला आणि, आपल्याकडे आलेले माणूस समजून घेण्यासाठी आले आहे हे ओळखून, अगदी पहिल्यापासून सांगावयास सुरुवात केली.

बाईंच्या गाठीत तीन खुणा होत्या. पहिली ब्राफ नावाच्या जनुकातील एका अक्षराची चूक. हे जनुक पेशीला 'वाढ' असा आदेश देते आणि मग गप्प बसते. या चुकीमुळे ते गप्प बसत नाही. दुसरी खूण टर्ट नावाच्या जनुकाच्या उंबऱ्यावरील. पेशी दर विभाजनागणिक थोडी म्हातारी होते आणि एक दिवस थकून थांबते. टर्ट चुकीच्या वेळी जागे झाले की पेशी म्हातारी व्हावयाचे विसरते. आणि तिसरी 'विस्मरणखूण'. तिच्यामुळे पेशी आपण कोणत्या ग्रंथीच्या आहोत हेच विसरू लागते आणि आयोडीन घेईनाशी होते, म्हणून पुढे किरणोत्सारी आयोडीनचा उपचारही तिला लागू पडत नाही. या तिन्ही एकत्र असल्या की गाठीला 'त्रिलक्षणी' म्हणत. त्रिलक्षणी गाठी दुर्मीळ होत्या.

"किती दुर्मीळ?" बाईंनी विचारले.

"फार. म्हणून तर शोधून काढल्या की आम्ही सोडत नाही."

"ते नव्हे. एक्क्याण्णव टक्के हा आकडा किती माणसांवरून काढला?"

हा प्रश्न डॉक्टरांना कोणी रुग्णाने कधी विचारला नसावा. त्यांनी पडद्यावर एक तक्ता उघडला. राष्ट्रीय ग्रंथिकोशाच्या, म्हणजे देशभरातील अशा गाठींच्या नोंदवहीच्या, आरंभीच्या वर्षांतील, नियम होण्यापूर्वीचा तो तक्ता होता; त्या काळी लोक शस्त्रक्रिया नाकारू शकत, लांबवू शकत. उपचाराविना राहिलेल्या त्रिलक्षणी गाठींच्या त्यात ओळी होत्या. बाईंनी चष्मा सारखा केला आणि बोट लावून मोजल्या.

"अकरा."

"अकरा," डॉक्टर म्हणाल्या. "अकरांपैकी दहांची गाठ पसरली, एकीची नाही."

"आणि याला तुम्ही शंभरांपैकी एक्क्याण्णव म्हणता. अहो, शंभर माणसे आहेत कोठे?"

नंतरच्या सव्वीस वर्षांत तक्त्यात बारावी ओळ का पडली नाही, असे बाईंनी विचारले. त्याचे उत्तर साधे होते. नियम झाल्यापासून प्रत्येक त्रिलक्षणी गाठ नव्वद दिवसांत काढली गेली. अशा चारशे बारा झाल्या. त्या चारशे बारांपुढे कोशात 'भाकितानुसार, प्रसार टळला' अशी नोंद होती.

"टळला हे कसे कळले?"

"गाठ काढली, म्हणून टळला."

हे म्हणून डॉ. नाझनीन पडद्याकडे पाहतच पुढे बोलल्या. "माझे आजोबा सतारीसाठी भोपळे निवडायचे, बाई. बोटाने टिचकी मारून ऐकायचे. हा चालेल, हा पुढे तडकेल. जो तडकेल असे वाटे तो तिथेच फोडून टाकत. गावात त्यांचे नाव होते की यांचा अंदाज कधी चुकत नाही. मी लहानपणी विचारले होते, फोडलेला भोपळा तडकला असता की नाही, हे तुम्ही कधी पाहिले का?"

"काय म्हणाले?"

"दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत."

त्यानंतर त्या दोघींनी ते केले जे सव्वीस वर्षांत कोणी केले नव्हते. अकरा ओळी एकेक करून वाचल्या. नावे कोशात झाकलेली होती, पण वय, तालुका आणि शेवटची भेट दिसत होती. दहा वाईट नोंदींपैकी तिघांची गाठ खरोखर पसरली होती, फुप्फुसांची छायाचित्रे सोबत होती. उरलेल्या सातांपुढे मात्र 'पाठपुरावा तुटला' असे लिहिलेले होते. रुग्ण दोन-तीनदा आला आणि मग आलाच नाही. अशा रुग्णाचे काय झाले हे ठाऊक नसताना वाईटच झाले असे धरावे, असा सावधगिरीचा संकेत कोश रचणाऱ्यांनी पाळला होता, आणि सावधगिरी म्हणून तो अगदीच चुकीचाही नव्हता.

बाईंनी त्या सात ओळींवरून पुन्हा बोट फिरवले. सातही स्त्रिया. वये तेवीस, पंचवीस, बावीस, सव्वीस अशी.

"या हरवल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "यांची लग्ने झाली."

डॉ. नाझनीनना चटकन उमगले नाही. बाईंनी सांगितले ते त्यांच्या दृष्टीने इतके उघड होते की सांगताना त्यांना संकोच वाटला. त्या पौरोहित्यही करीत. लग्नात तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची रीत अनेक घरांतून चालत आली होती. मुलीचे पहिले नाव बदले, वडिलांच्या नावाजागी नवऱ्याचे येई, आडनावही जाई. तिन्ही नावांपैकी एकही मागे उरत नसे. आणि जिच्या गळ्यात गाठ निघाली आहे, सुई घातली गेली आहे, त्या मुलीचे आईबाप ते वराकडच्यांना सांगत नसत. फाईल माहेरच्या कपाटात राही. सासरी गेलेली मुलगी पुढे कधी घसा दाखवावयास गेलीच, तर नव्या नावाने, नव्या गावी, जणू प्रथमच.

"पण पेशींवरून ओळखता आले असते की," डॉक्टर म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांच्या ध्यानात आले की नसते आले. गोपनीयतेच्या कायद्याने कोशाला व्यक्तीचा जनुकसंच साठवण्याची मनाई होती. केवळ गाठीच्या खुणा ठेवता येत. कोशाने माणूस ओळखला तो नावावरून.

"आईचे नाव बदलत नाही," बाई म्हणाल्या. "आणि जन्मतारीख."

त्या सात नोंदींतील झाकलेले तपशील उघडण्याची परवानगी डॉक्टरांनी मिळवली, आणि शोधाला आठ दिवस लागले. सातांपैकी चौघी सापडल्या. कऱ्हाडची एक, जी आता इंदूरला शिक्षिका होती, दुसरी निपाणीस, दोघी पुण्यात. चौघींच्या गळ्यात ती गाठ तीस वर्षांनंतरही जवळजवळ तेवढ्याच आकाराची होती. नव्या नावांनी त्यांची नोंद साध्या, निरुपद्रवी गाठींच्या यादीत पडलेली होती, कारण पुन्हा सुई घालावी असे कोणाला वाटलेच नव्हते. दोघींनी आता सुई घालू दिली, आणि तिन्ही खुणा जागच्या जागी निघाल्या. दोघींनी नकार दिला. त्यांच्या सासरी अजूनही कोणाला ठाऊक नव्हते. पाचवीचा अंत बाळंतपणात झाला होता, गाठीचा त्याच्याशी संबंध नव्हता. दोघींचा माग लागला नाही.

म्हणजे अकरांपैकी तिघांची गाठ पसरली, आधीची एक आणि या चौघी धरून पाच जणींची पसरली नाही, आणि तिघींविषयी काही म्हणता येत नाही. एक्क्याण्णव हा आकडा कोठेच नव्हता.

हे सांगताना डॉ. नाझनीन उभ्याच होत्या. "चारशे बारांपैकी त्रेसष्ट कागदांवर माझी सही आहे," त्या म्हणाल्या. त्यांतल्या किती गाठी पसरल्या असत्या, असे बाईंनी विचारले नाही. विचारावयाची आवश्यकता उरली नव्हती. त्या गाठी आता जगात नव्हत्या, आणि ज्यांच्या गळ्यांतून त्या काढल्या ते लोक आपला जीव वाचला या समजुतीने दररोज सकाळी गोळी घेत होते. त्यांना जाऊन काय सांगावयाचे?

त्यानंतरचे दिवस बाईंना सर्वांत जड गेले. आपण एक असत्य उघडे केले म्हणजे ते आपोआप मिटेल, अशी त्यांची भाबडी समजूत होती. कोशाच्या समितीला शस्त्रक्रिया नाकारण्याच्या बाईंच्या अर्जासह पत्र गेले. 'दुरुस्ती विचाराधीन आहे. तोवर प्रचलित आकडा ग्राह्य धरावा,' असे उत्तर आले. दुसरे पत्र गेले. त्याचे उत्तर पहिल्यासारखेच, केवळ सही वेगळी. नव्वदांपैकी सत्तर दिवस संपले. शस्त्रक्रियेची तारीख निश्चित झाल्याचे निरोप यंत्र दर सकाळी धाडत राहिले. श्रीपादराव, ज्यांनी नवा तक्ता स्वतः तीनदा तपासून पाहिला होता, आता उलट बाजूने चिडले होते. तीन विरुद्ध पाच म्हणजे काहीच कळत नाही, हे त्या लोकांना कळत नाही का, असे ते जेवताना पुटपुटत. बाई त्यांना म्हणाल्या, "अहो, त्यांना कळते. पण 'कळत नाही' असे लिहायला त्यांच्या कागदावर जागा नाही."

एक्क्याऐंशीव्या दिवशी समितीने निर्णय दिला. एक्क्याण्णवाचा आकडा काढून टाकण्यात येत आहे. त्रिलक्षणी गाठींचा वर्ग तूर्त 'अनिर्णित' राहील. अर्जदार स्त्रीस स्वतःच्या संमतीने शस्त्रक्रियेविना राहण्याची मुभा देण्यात येत आहे आणि तिची नोंद तक्त्यात बारावी म्हणून घ्यावी. देशात सध्या या वर्गातील ज्या एकतीस स्त्रिया शस्त्रक्रियेची वाट पाहत आहेत, त्यांना बारावीच्या निष्कर्षापर्यंत स्थगिती द्यावी. बारावीची गाठ स्थिर राहिल्यास त्यांनाही मुभा मिळेल. ती वाढून शस्त्रक्रिया करावी लागल्यास जुना नियम पुन्हा लागू होईल.

"एका माणसावरून आकडा होत नाही, हे मी त्यांना सांगितले," डॉ. नाझनीन म्हणाल्या. "ते म्हणाले, शून्यापेक्षा बरे."

बाईंनी संमतीपत्रावर सही केली. त्यांना हवे होते तेच मिळाले होते. घरी येऊन त्यांनी तिघींना बोलावले आणि अडलेले साम जेथे थांबले होते तेथून पुढे सुरू केले.

तीन महिन्यांनी गाठ नऊ मिलिमीटरच होती. त्या मोजणीच्या दिवशी बाहेरच्या बाकांवर नेहमीपेक्षा अधिक बायका होत्या, हे बाईंच्या लक्षात आले, पण त्याचा अर्थ लागला नाही. सहा महिन्यांनी त्या पुन्हा गेल्या तेव्हा बाके भरलेली होती. जळगावची, बेळगावची, कोणी थेट भोपाळहून आलेली. तारखेची वाट पाहणाऱ्या त्या एकतीसजणी; स्वतःची मोजणी त्यांच्यापैकी कोणाचीही त्या दिवशी नव्हती.

आत डॉ. नाझनीननी मोजले. पुन्हा मोजले. मग पडदा बाईंकडे वळवला.

"अकरा मिलिमीटर."

"म्हणजे वाढली."

"प्रत्येक मोजणीत एक मिलिमीटरची चूक असू शकते, दोन मोजण्यांत मिळून दोनची. कदाचित तेवढीच आहे. कदाचित सुरुवात आहे." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बाई, मी तुम्हाला दोन्ही सांगते. आज काढली तर बहुधा पूर्ण निघेल. थांबलात आणि ती खरोखर पसरू लागली असेल, तर पुढच्या वेळी ती गळ्याबाहेर गेलेली असू शकते. तुम्ही आज 'काढा' म्हणालात तर मी एक प्रश्नसुद्धा विचारणार नाही."

"काढली तर बारावीपुढे काय लिहाल?"

डॉक्टरांनी कोशातील नोंदीचा ठरीव मजकूर आधीच पाहिलेला असावा, कारण उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला नाही. "'भाकितानुसार, प्रसार टळला.' यंत्र तेच लिहिते. आणि एकतीस जणींना दुसऱ्या दिवशी तारखा जातील."

"आणि थांबले तर?"

"तर कळेल."

बाईंनी आपला हात गळ्याकडे नेला आणि अर्ध्यावरच मागे घेतला. गेल्या आठवड्यात थोरल्या शिष्येने एक कठीण जागा प्रथमच निर्दोष म्हटली होती. धाकट्या दोघींचा तेथवर यावयाला अजून अवकाश होता. जीव वाचवावा असे त्यांना वाटत नव्हते असे मुळीच नाही. सहा महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया नाकारण्याचा अधिकार मागताना, ती कधी हवीशी वाटली तर मागण्याचा अधिकार आपल्याजवळ राहणारच, असे त्यांनी गृहीत धरले होते. दोन दिवसांत कळवते, असे सांगून त्या उठल्या.

दार उघडताच बाकांवरची कुजबुज थांबली. सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे वळले. चेहऱ्याकडे नव्हे, हनुवटीच्या खाली. पुढच्या बाकावरून चोवीसएक वर्षांची एक मुलगी उठून उभी राहिली. जतहून आलेली, तेजल नावाची. शाळेत खेळ शिकवीत असे. तिने वाकून नमस्कार केला आणि अतिशय आदराने विचारले, "वाढली का हो, बाई?"

वैजयंतीबाई आयुष्यात खोटे बोलल्या नव्हत्या असे नाही, पण अशा वेळी त्यांना ते जमणारे नव्हते. "दोन मिलिमीटर," त्या म्हणाल्या. "ती चूक आहे की खरी वाढ, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही."

तेजलच्या चेहऱ्यावरून काहीतरी भरभर सरकून गेले. तिने मागे वळून इतरांकडे पाहिले, मग पुन्हा बाईंच्या गळ्याकडे.

"म्हणजे अजून नक्की नाही," ती म्हणाली. "मग तुम्ही थांबणार ना, बाई?"

त्या स्वरात क्रूरता नव्हती. ती विनवणी होती, आणि बाकांवरच्या कोणीही तिला गप्प केले नाही. बाई तिच्या बाजूने वाट काढीत नोंदणीच्या खिडकीपाशी गेल्या. खिडकीतील कारकुनाने मान वर न करता विचारले, "तारीख कसली देऊ? शस्त्रक्रियेची की मोजणीची?"

दोन दिवसांत कळवते असे त्या आताच आत सांगून आल्या होत्या. परंतु मागे एकतीस जणींनी श्वास रोखून धरला होता, आणि ज्या कानांनी जन्मभर शिष्यांच्या स्वरातील तसूभर कंप टिपला, त्यांना ती शांतता सहन होईना.

"मोजणीची," बाई म्हणाल्या. मागच्या बाकांवर सोडलेले सुटकेचे श्वास त्यांना एकेक करून स्पष्ट ऐकू आले.